पाळणाघरामुळे बाळाचे माझ्याशी असलेले नाते कच्चे राहील का?

प्रश्न (जळगाव):
माझी मुलगी ११ महिन्यांची असून महिन्याभरापासून ती दिवसा पाळणाघरात असते. संध्याकाळी मला पाहताच ती आधी तोंड फिरवते, मग माझी ओढणी मुठीत धरून रडते आणि थोड्या वेळाने शांत होते. यात काळजीचे काही आहे का?

उत्तर (भुसावळ):
ती तुमच्याजवळ सावरते, हे चांगले आहे. बालमानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या निरीक्षणपद्धतीत आई गेल्यावर मूल रडते का यापेक्षा, ती परतल्यावर ते कसे वागते याला अधिक महत्त्व आहे. अमेरिकेत १९९१मध्ये सुरू झालेल्या, १,३००हून अधिक मुलांच्या अभ्यासात निव्वळ पाळणाघरामुळे मुलाला आईजवळ वाटणारी सुरक्षितता घटल्याचे आढळले नाही. मात्र आईचा प्रतिसाद उणा आणि पाळणाघरही सुमार, असे दोन्ही एकत्र आले तेव्हा धोका वाढला.

उत्तर (शिरपूर):
आई कापूस वेचायला जाई, तेव्हा आजी मला बांधावरच्या झोळीत सांभाळत असे, आणि तरीही मी आईचाच शेपूट होतो. सांभाळणारी बाई वारंवार बदलत नाही ना, एवढे मात्र विचारा.

प्रश्नकर्ती:
बाई एकच आहेत. उद्यापासून एक जुनी ओढणी त्यांच्याकडे ठेवून येईन.