न्यूयॉर्कमधला तुमचा लाडका पिझ्झा कुठला? अनुभव लिहा

परवा ऑफिसात भारतातून नुकत्याच आलेल्या एका मुलाने विचारलं, ताई, न्यूयॉर्कमध्ये एकदाच पिझ्झा खायचा तर कुठे खाऊ? मी तोंड उघडायच्या आत आजूबाजूच्या चौघांनी चार नावं सांगितली आणि मग जी काही जुंपली की अर्धा लंच त्यातच गेला. म्हणून म्हटलं इथे धागा काढावा. अट एकच, यादीत वाचलेलं नको, स्वतः खाल्लेलं लिहा आणि का आवडलं तेही.

माझं उत्तर, ब्रुकलिनच्या मिडवुडमधलं डी फारा. क्यू ट्रेनने अव्हेन्यू जे ला उतरायचं, समोरच आहे. १९६५ सालचं दुकान. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डॉम डिमार्को आजोबा स्वतः ओव्हनपाशी उभे होते, पाठ वाकलेली, घाई हा प्रकारच नाही. गरम पिझ्झा हाताने ओढून बाहेर काढायचे, वरून ऑलिव्ह ऑइलची धार सोडायची आणि मग कात्रीने बेसिलची पानं कातरायची, कच कच कच, अगदी आपण कोथिंबीर भुरभुरवतो तसं. तो वास अजून नाकात आहे. २०२२ मध्ये आजोबा गेले. मी अजूनही जाते आणि अजूनही आधी ओव्हनकडेच बघते.

*

डी फारा मस्तच पण मला विचाराल तर न्यूयॉर्क म्हणजे स्लाइस. बसून खाणं वेगळं आणि उभ्याने खाणं वेगळं. माझं मत कार्माइन स्ट्रीटच्या जोज ला, १९७५ पासूनचं आहे. शिकत असताना रात्री लायब्ररीतून निघालो की तिथे, थंडीत काचेवर वाफ धरलेली असायची. "प्लेन" म्हणायचं, बास, चीज वगैरे सांगत बसायचं नाही. तो स्लाइस परत ओव्हनमध्ये सरकवतो, दोन मिनिटांत कागदी प्लेटवर, मधोमध घडी घालायची, टोक आधी तोंडात आणि तेल मनगटावरून ओघळायच्या आत संपवायचा. काटा चमचा अजिबात घेऊ नका. २०१४ मध्ये इथल्या नव्या मेयरसाहेबांनी, डी ब्लासिओंनी, काट्याने पिझ्झा खाल्ला तर लोकांनी त्यांना धू धू धुतलं होतं :D

बाकी ९९ सेंटच्या स्लाइसला नावं ठेवणाऱ्यांनो, एक अख्खी सेमिस्टर मी त्यावर काढलीय. इथे जुनी म्हण आहे की स्लाइसची किंमत आणि सबवेचं भाडं बरोबरीने चढतं, त्या हिशोबाने आम्ही तेव्हा विदाउट तिकीटच होतो म्हणा ना.

*

कोळशाच्या भट्टीबद्दल कोणीच कसं बोललं नाही?? लोम्बार्डीज १९०५, अमेरिकेतलं पहिलं पिझ्झाचं दुकान मानतात, मध्ये १९८४ ला बंद पडलं आणि दहा वर्षांनी स्प्रिंग स्ट्रीटवरच पण दुसऱ्या जागेत परत सुरू झालं. कोनी आयलंडचं टोटोनोज १९२४ चं. ब्लीकर स्ट्रीटचं जॉन्स १९२९ चं, तिथे स्लाइस मिळतच नाही, अख्खाच घ्यावा लागतो. माझं सगळ्यात आवडतं मात्र ईस्ट हार्लेमचं पॅट्सीज, १९३३. कारण कोळशाच्या भट्टीतला असूनही सुटा स्लाइस मिळतो.

फरक काय तर साध्या गॅसच्या ओव्हनचं तापमान साधारण ५५० फॅरनहाइटच्या आसपास आणि कोळशाची भट्टी त्याच्या कितीतरी वर, शिवाय कोरडी धग. त्यामुळे खालून खरपूस, काठाला फोड आणि मधला भाग मऊ. चुलीवरची भाकरी आणि गॅसवरची भाकरी, तेवढाच फरक. खाली काळे डाग दिसले म्हणून करपलाय असं सांगून परत पाठवू नका हो, माझ्या मेहुण्याने पाठवला होता, मला टेबलाखाली लपावंसं वाटलं.

*

आमच्या आईचा किस्सा. मी फोनवर नवऱ्याला म्हटलं की अख्खा पाय घेऊया. इथे पूर्ण पिझ्झ्याला पाय म्हणतात ना. आई एकदम गंभीर, "मी नाही हं खाणार पायबीय, मंगळवार आहे माझा."

तर तिला घेऊन गेलो एल अँड बी स्पुमोनी गार्डन्सला, ग्रेव्हसेंडमध्ये, ८६ व्या स्ट्रीटवर. १९३९ पासूनचं. तिथला चौकोनी सिसिलियन घ्यायचा. त्यात चीज खाली आणि सॉस वर असतो, म्हणजे उलटा कारभार, आणि पाव जाड पण आत हलका. बाहेर बाकं टाकलेली, शेजारी इटालियन आज्या जोरजोरात बोलत होत्या. आईने एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाली, ढोकळ्यावर टोमॅटोचं सार घातल्यासारखं आहे पण छान लागतंय. वर स्पुमोनी आइस्क्रीमपण खाल्लं, तीन रंगांचं. पुण्याला गेल्यावर मैत्रिणींना "पाय खाल्ला" असंच सांगते, मुद्दाम.

*

मी वेगळंच लिहिते. एका व्हिडिओपायी ब्रुकलिनमध्ये एका ठिकाणी (नाव नको) पावणेतीन तास रांगेत उभे होतो, फेब्रुवारीत, पोरगं कडेवर. आत गेल्यावर कणीक संपली म्हणाले. येताना आमच्या लाँड्रीशेजारच्या दुकानात दोन स्लाइस खाल्ले आणि पोराला तिथल्या काकांनी कणकेचा गोळा दिला खेळायला. त्या दुकानाचं नाव पाटीवर नुसतं "पिझ्झा" आहे. माझं मत त्याला.

*

रांगेचं म्हणाल तर लुकालीला मी आनंदाने उभा राहतो. कॅरल गार्डन्स, हेन्री स्ट्रीट. दुपारीच जाऊन नाव लिहून यायचं, मग फिरून यायचं. मेनूत फक्त पिझ्झा आणि कॅल्झोन (करंजीसारखा दुमडून बंद केलेला पिझ्झा), त्यामुळे बायकोशी काय घ्यायचं यावर वाद नाही. वाइनची बाटली आपण आपली न्यायची. मेणबत्त्या लावलेल्या असतात आणि समोर उघड्यावर पोळपाट लाटण्यासारखा खेळ चाललेला असतो, फक्त लाटणं म्हणून वाइनची बाटली! लग्नाचा वाढदिवस तिथेच असतो आमचा.

*

स्टेटन आयलंडला कोणी विचारत नाही :( फेरी फुकट आहे लोकहो, येताजाता स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. व्हिक्टरी बुलेव्हार्डला जो अँड पॅट्स, १९६० पासून. इतका पातळ की मोडताना आवाज येतो, पापडाची आठवण यावी. व्होडका सॉसवाला (टोमॅटो, क्रीम आणि थोडी व्होडका घातलेला सॉस) घ्या.

*

शाकाहारी मंडळींसाठी, प्लेन स्लाइस घेताना कटर वेगळा वापरा म्हणून सांगितलं तर बरेच जण वापरतात, लाजू नका, फक्त आधी सांगा, कापून झाल्यावर नाही. आणि शाकाहारी नसाल तर प्रिन्स स्ट्रीट पिझ्झाचा पेपरोनीवाला (म्हणजे मसालेदार सॉसेजच्या चकत्यांचा) चौकोन. पेपरोनीच्या कडा वळून छोट्या छोट्या वाट्या होतात आणि त्यात तेल साचतं. डॉक्टरांना दाखवू नये असा प्रकार आहे.

*

धागाकर्ती परत. सगळ्यांची नावं लिहून त्या मुलाला यादी पाठवली. आज विचारलं, गेलास का? तर म्हणे हो, ऑफिसखालच्या दुकानात जाऊन आलो, भारी होता, फक्त केचपचं पाकीट मागितलं तर काउंटरवरचा माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने आतून भावाला बोलावलं.