मदत हवी आहे: सेटिंग्जच्या खिडकीत ‘लागू करा’ बटण ठेवावं का?

आमचं बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर क्यूटीमध्ये (खिडक्या, बटणं बनवायची तयार साधनं) लिहिलेलं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सेटिंग्जमध्ये ६ टॅब, ४३ पर्याय, खाली ‘ठीक’, ‘रद्द’ आणि ‘लागू करा’.

लोक एका टॅबवर बदल करतात, दुसरा चाळतात आणि फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करतात. बदल गेलेला असतो, पण त्यांना तो झालाय असंच वाटतं. बॅकअपच्या बाबतीत हे फार महागात पडतं.

‘जुन्या प्रती काढून टाकणं बंद करू नका’ असा दुहेरी नकाराचा चेकबॉक्स होता, तो ‘जुन्या प्रती ३० दिवसांनी काढून टाका’ असा केला. त्याने खूप फरक पडला. बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ असंही विचारून पाहिलं. लोक न वाचताच ‘नाही’ दाबतात.

आता मॅक आणि ग्नोमसारखा (लिनक्सचा एक डेस्कटॉप) प्रत्येक बदल लगेच लागू करायचा विचार आहे. थीम, भाषा यांना अडचण नाही. अडतं ते सर्व्हरच्या पत्त्यावर आणि पोर्टवर (जोडणीचा क्रमांक): ८०८० टाइप करताना ‘८०’ वरच जोडणी सुरू होऊन कसं चालेल?

बटणांचा क्रम क्यूटी त्या त्या प्रणालीप्रमाणे लावतं, तो प्रश्न नाही. मात्र सगळं कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालायलाच हवं.

बाकी पर्याय लगेच लागू आणि फक्त जोडणीच्या गटाला स्वतंत्र ‘लागू करा’, असं मिश्रण कोणी केलंय का? वापरणारे गोंधळले का, की तो गट वेगळ्या छोट्या खिडकीत काढलेला बरा?