घरचा स्विमिंग पूल: असलेल्यांनी, नसलेल्यांनी अनुभव सांगा

सांजवारा:
परवा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा मुलगा शिरला. केस ओले, गळ्यात टॉवेल आणि तो क्लोरीनचा वास. एकदम कर्जतचं घर आठवलं. २०१९ मध्ये विकलं. मागे २० बाय १० फुटांचा पूल, चार फूट खोल, नवऱ्याची हौस. (हौसेला मोल नाही म्हणणाऱ्याने पूल बांधलेला नसावा.)

भरायला साडेबावीस हजार लिटर. दहा हजारवाले दोन टँकर आणि वरचं बोअरचं. भरण्याचाच काय तो खर्च असं वाटलेलं! एक हॉर्सपॉवरचा पंप रोज आठ तास, म्हणजे दिवसाला सहा युनिट, आम्ही तिथे असो नसो. जायचो महिन्यातून दोनदा. राखणदार दादा क्लोरीन टाकायचे ते सकाळी, आणि भर उन्हात ते दुपारपर्यंत उडून जायचं. संध्याकाळी टाकायचं असतं हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? एका मे महिन्यात तीन आठवड्यांनी गेलो तर पूलभर पालकाची पातळ भाजी.

पण सासूबाई. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले पाण्यात चाला. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईने पंजाबी ड्रेस पहिल्यांदा घातला तो पाण्यात उतरायला. कडेचा दांडा धरून फेऱ्या मारायच्या. मोजायला काठावर चिंचोके, एक फेरी झाली की एक चिंचोका इकडचा तिकडे. घर रिकामं करताना पंपाच्या खोलीत ते डालड्याच्या डब्यात सापडले. बाकी सगळं विकलं, डबा घेऊन आले.

तुम्हीही लिहा. खर्च, कटकट, मजा, काहीही.

पावशेर:
आमच्याकडे पाणी एक दिवसाआड पाऊण तास. धागा वाचून नळाखाली पिंप लावलं. बाकी अनुभव नाही.

ह्यूस्टनची_सून:
डबे भरता भरता लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्या घराबरोबरच पूल आला, फुकट मिळाला म्हणून पेढे वाटायच्या बेतात होते. मग कुंपण, इन्शुरन्स, आठवड्याला पीएच (७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा), आणि ओकची पानं. पानं!! स्किमरची जाळी सकाळी उपसली की संध्याकाळी परत भरलेली.

फेब्रुवारी २०२१ ची थंडी. लाईट गेले, पंप बंद, आणि पाइपातलं पाणी गोठून फिल्टरजवळचा पीव्हीसी उभा चिरला. रात्री दोनला नवरा डोक्याला दिवा बांधून पंपाचं बूच शोधतोय. दुरुस्तीला जूनपर्यंत थांबलो, सुटे भागच मिळेनात. क्लोरीनच्या गोळ्यांचीही तीच गत. लुईझियानात गोळ्यांचा मोठा कारखाना २०२० च्या वादळानंतर जळाला होता ना.

पण त्याच आठवड्यात नळालाही पाणी नव्हतं, आणि आमच्याकडे होतं! वरचा बर्फ फोडून बादल्या भरायच्या आणि संडासात ओतायच्या. शेजारची चार घरं रांगेत. हाय-हॅलोच्या पुढे न गेलेली माणसं तेव्हा ओळखीची झाली. त्यातल्या एकीला थालीपीठ शिकवलंय.

निवांतराव:
सांजवाराताई, कर्जतला कुठे? कोंडाणे लेण्यांच्या अंगाला का? आमचं मामाचं गाव त्याच वाटेवर.
पूल नाही, पण विहीर होती. काकाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि मागून दिलं ढकलून. पोहणं आलं, काकाशी बोलणं मात्र चार दिवस बंद.

द्राक्षवाला:
डबा म्हणजे श्रीमंती. आमच्यात पांगिऱ्याचा बिंडा, म्हणजे पाठीला बांधायचा हलक्या लाकडाचा ओंडका.
एक गंभीर सांगतो. आता गावात विहिरी राहिल्या बाजूला, पोरं शेततळ्यात उतरतात. आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ, वर उतार. पोहता येणारा गडीसुद्धा बाहेर येऊ शकत नाही, हात धरायलाच काही नसतं. आमच्या तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडलेत, काठाला कुंपण घातलंय. ज्यांची तळी आहेत त्यांनी आजच करा, रविवारवर टाकू नका.

निवांतराव:
बिंडा! चाळीस वर्षांनी ऐकला हा शब्द. आणि दोराचं एकदम बरोबर, गावच्या ग्रुपवर टाकतो.

चिरेबंदी:
गोव्याहून. जून ते सप्टेंबर मी पूल नाही, बेडूक पाळते. पाऊस लागला की क्लोरीन पातळ, रात्रभर डरांव डरांव, आणि सकाळी पायरीवर एक बेडूक आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा बसलेला.
पाहुण्यांना भाड्याने देतो. गेल्या वर्षी कुणीतरी काठावर बिअरची बाटली फोडली. पाण्यात काच दिसते का? सगळं उपसावं लागलं, तेही जुलैत. तो शहाणपणा कुणी करू नका. जमिनीखालच्या पाण्याचा दाब रिकाम्या पूलला खालून उचलतो. तळाच्या फरश्या फुगून तडकल्या, तीन महिन्यांचं भाडं त्यात गेलं. नवरा अजून म्हणतो फरशा वाईट होत्या.

मीठभाकर:
सगळ्यांचं वाचतेय, मस्त. भाबडा प्रश्न, क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ ना?

ह्यूस्टनची_सून:
उलट गं. क्लोरीनची घामाशी आणि पोरांच्या 'त्या'शी गाठ पडली की क्लोरामाइन होतं, तो वास त्याचा. नीट राखलेल्या पूलला फारसा वास नसतो. लिफ्टमधल्या मुलाबद्दल मी काही बोलत नाही.

सांजवारा:
अगं!!! किती हळवी झाले होते मी.
निवांतराव, हो, त्याच रस्त्याला. मामाच्या गावाचं नाव खाजगी निरोपातून कळवा.

पावशेर:
पिंप वाहून गेलं. खालच्या काकू वर आल्यात. आलोच.

मीठभाकर:
ई! बरं, दुसरा प्रश्न. लेकासाठी फुगवायचा मोठा टब मागवलाय, १० बाय ६ फूट. गच्चीत ठेवून दोन फूट भरला तर चालेल ना?

गिलावा:
इतके दिवस नुसता वाचत होतो, यासाठी लॉगिन केलं. एक फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. तुमचं दोन फूट, म्हणजे ६००. गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोच्या भाराच्या हिशेबाने करतात. आजवर कुणाचा पडला नाही म्हणून सगळे ठेवतात. तळमजल्यावर, जमिनीवर ठेवा. नाहीतर लेकाला बादली-तांब्या द्या.

मीठभाकर:
अर्धा भरून झालाय. थांबा.

चिरेबंदी:
पाणी एकदम सोडू नका, गच्चीचं भोक तुंबेल. बादलीने काढा, झाडांना घाला.

मीठभाकर:
काढतेय. लेक आत बसलाय, उठत नाहीये.