साडेचौदा लाखांच्या राज्याला सगळी शास्त्रं हवीत कशाला?

सड्यावरचा_शंकासूर (धागाकर्ता)

परवा भाचीच्या प्रवेशासाठी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात गेलो होतो. रांग काही हलेना, म्हणून भिंतीवरची संशोधनाची पोस्टरं वाचत उभा राहिलो. एकावर मिठागरातले जिवाणू. शेजारी कसलीशी संयुगं, षटकोनांची नक्षीच नक्षी. पलीकडे संगणकाला कोंकणी शब्दांची नाती शिकवायचा खटाटोप, मग जुवारी नदीच्या गाळातलं मँगनीज.

भाचीला प्रवेश मिळाला. मला मात्र प्रश्न पडला की हे सगळं आपल्याला परवडतं का?

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. विद्यापीठ १९८५चं, म्हणजे घटकराज्यापेक्षाही दोन वर्षांनी मोठं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. तेव्हा आजूबाजूला फारसं काही नव्हतं, सगळं थोडं थोडं करणं समजू शकतो. आता दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे (ती तर १९६६पासूनच), वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र, जुन्या गोव्यात आयसीएआरची शेती-संशोधन संस्था, झुआरीनगरला बिट्स, फर्मागुडीला आयआयटी. इतक्या गर्दीत राज्याच्या विद्यापीठानं गाड्यावर सगळाच माल मांडायचा?

माझं मत: समुद्र, खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतं), खाणी आणि घाट. चार विषय धरा, पैसा आणि माणसं तिथंच ओता. बाकीचं शिकवा, पण संशोधन नको.

हिशेबतपासनीस

शंभर टक्के सहमत. सगळ्या विभागांना सारखं वाटायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं शेवटच्या पानाला नुसता रस्सा वाढावा तसं.

खाजनातली_कोरगुट

शंकासूर, तुमची यादी वाचून हसू आलं. खाजन हा विषय नाही हो, ती जागा आहे.

आमच्या वाड्याचा बांध चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या भरतीला फुटला. मातीचा बांध, आत शेत, बाहेर खाडी, मध्ये मानशी. मानशीची लाकडी दारं भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, ना मोटर ना वीज. त्या रात्री दारं शाबूत राहिली आणि बांध त्यांच्या शेजारून गेला. सकाळी भाताच्या वाफ्यात शेवटे मासे उड्या मारत होते. मुलं खूश, माझा बाप गप्प.

आता बांध का फुटला ते सांगा. कुर्ल्यांनी बिळं केली म्हणून? बार्जच्या लाटा आपटतात म्हणून? आतल्या बाजूला खारफुटी रुजली म्हणून? की बांधाची राखण पूर्वी गावकारी (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) करायची, कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनेकडे आली आणि संघटनेच्या बैठकीला हल्ली चहावालासुद्धा फिरकत नाही म्हणून? यातला एक प्रश्न प्राणिशास्त्राचा, एक भूगर्भाचा, एक वनस्पतिशास्त्राचा, शेवटचा समाजशास्त्राचा. शिवाय मातीतलं मीठ किती पावसाळ्यांत धुऊन निघेल, तो रसायनाचा. तुम्ही यातला कुठला विभाग बंद करणार ते आधी सांगा, मग खाजनाला पैसे द्या.

सड्यावरचा_शंकासूर

कोरगुट, तुम्ही माझीच बाजू मांडली. खाजनाला लागणारा रसायनवाला नेमा ना! मातीतलं मीठ मोजणारा. षटकोनांची नक्षी काढणारा कशाला? बांध मध्ये ठेवा आणि त्याच्याभोवती माणसं गोळा करा. मी रुंदीच्या विरोधात नाही, बेवारस रुंदीच्या विरोधात आहे.

गणित_आणि_गजाली

गोंयकारांनी तरी असं बोलू नये. दामोदर कोसंबी १९०७ साली इथंच, कोसबेंला जन्मले. माणूस गणिती. पण जुनी नाणी तराजूत घालून, वापरानं ती किती झिजली त्याचं संख्याशास्त्र मांडून इतिहास वाचायचा. आणि १९४४ साली त्यांनी अनुवंशशास्त्रात एक सूत्र दिलं: दोन जनुकं वेगळी होण्याच्या प्रमाणावरून गुणसूत्रावरचं त्यांच्यातलं अंतर कसं काढायचं. आजही भाताच्या जनुकांचा नकाशा काढायला बसलात की संगणक विचारतो, कुठलं सूत्र वापरू? त्यात एक पर्याय ‘कोसंबी’ असतो.

म्हणजे कोरगुट भात खारं पाणी का सोसतं याचा कुणी मुळापासून शोध घ्यायला गेला, तर वाटेत त्याला हा गणिती भेटण्याची दाट शक्यता. आणि तुमच्या चार विषयांत गणित नाही.

हिशेबतपासनीस

कोसंबींचं नाव निघणार हे मी पहिल्या प्रतिसादालाच ओळखलं होतं. मग पुढचंही सांगा. त्याच कोसंबींनी १९५९ साली रीमानच्या गृहीतकाशी, म्हणजे गणितातल्या एका गाजलेल्या न सुटलेल्या कोड्याशी भिडणारा लेख शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला, आणि तो दावा टिकला नाही. १९६२ साली टीआयएफआर, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरीही सुटली. एक माणूस स्वतःच्या हिमतीवर चार शास्त्रांत फिरला, त्याला साष्टांग नमस्कार. पण तेवढ्यावरून सरकारी अंदाजपत्रक आखायचं?

गणित_आणि_गजाली

१९४४चं टिकलं की.

दिवाबत्ती

मी या वादात पडणार नव्हतो. पण आयुष्य प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून गेलं, म्हणून दोन शब्द. संस्थेचं नाव विचारू नये, सांगणार नाही.

धातू मोजायचं यंत्र असतं, एएएस. त्यात दर धातूला दिवा वेगळा. मँगनीज मोजायचं तर मँगनीजचाच दिवा. लोखंडाचा लावून चालत नाही. आमच्याकडे एक मुलगी गाळाचे नमुने घेऊन यायची. खाडीत गुडघाभर चिखलात उभं राहून काढलेले, प्रत्येक पिशवीवर पेन्सिलीनं तारीख आणि भरतीची वेळ. ऐन वेळी दिवा गेला. नवा मागवायचा तर तीन कोटेशनं, मग फाईल वर, फाईल खाली, मग एका कोटेशनची मुदत संपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. सात महिने. तोवर पोरीची शिष्यवृत्ती संपत आली. रोज सकाळी दारातून डोकं घालायची, “काका, आला?” मी मान हलवायचो. शेवटी शेवटी विचारायचीही नाही, नुसती बघायची.

विषय बघा, अगदी शंकासुरांच्या यादीतला: समुद्र आणि खाणी दोन्ही. तरी अडलाच. म्हणजे चार विषय धरले की गाडी सुटते, हे काही खरं नाही.

पण दुसरंही सांगतो, ते कोरगुटबाईंना आवडणार नाही. त्याच इमारतीत दुसऱ्या विभागाकडे मँगनीजचा दिवा कपाटात पडून होता. मला ते आमचा दिवा गेल्यानंतर वर्षानं कळलं, तेही त्यांच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात. सगळी शास्त्रं एका छपराखाली नांदत होती, आणि एकमेकांच्या कपाटात काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं.

खाजनातली_कोरगुट

न आवडायला काय झालं, खरं आहे ते. (आणि मी बाई नाही हो, भात स्त्रीलिंगी वाटतं का?)

बसथांबा_दोनापावल

एक मुद्दा कुणीच घेत नाहीये. एनआयओ, ध्रुवीय केंद्र, आयसीएआर या सगळ्यांना कामाची चौकट ठरवून दिलेली आहे. समुद्रवाल्यांनी समुद्र बघायचा. राज्यात असं एकच ठिकाण आहे जिथं घाटातल्या कुजक्या पानावरची बुरशीही बघता येते आणि कोंकणीचं शब्दजालही विणता येतं. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर झाड जगवायचं तर मुळांशी राहणारी बुरशी मदत करते. त्या बुरशांचं काम इथल्या वनस्पतिशास्त्रवाल्यांनी केलंय. २०१२ला खाणी थांबल्या आणि ढिगारे तसेच उरले, तेव्हा ती माहिती हाताशी होती.

एनआयओतली कितीतरी मुलं पीएचडीची नोंदणी ताळगावला, आपल्या विद्यापीठात करत आली आहेत. विद्यापीठानं फक्त समुद्र धरला तर जहाजं त्यांच्याकडे आणि आपल्याकडे नोंदणीची खिडकी.

कदंबची_मासिक_पासवाली

‘शिकवा, पण संशोधन नको’ हे लिहिताना शंकासूर, तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? मी काणकोणची. एमएस्सीला दोन वर्षं पहाटेची बस धरली, जाऊन येऊन दीडशे किलोमीटरच्या घरात. विषय भौतिकशास्त्र. तुमच्या यादीत नाही. घरचे पुण्याला पाठवणार नव्हते, आमच्यात तेव्हा मुलींना पाठवतच नसत.

दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी स्वतः बनवलेल्या पदार्थाची चुंबकीय मोजणी आमच्यासमोर केली. आलेख भलतीकडेच गेला. सर म्हणाले, “आता मजा आली,” आणि खुर्ची ओढून बसले. पुस्तकातला आलेख कधी भलतीकडे जात नाही. स्वतः काही न शोधणारा मास्तर दहाव्या वर्षी त्याच पिवळ्या वह्या वाचून दाखवतो, ते मी कॉलेजात भरपूर पाहिलंय.

पेडण्याची_नात

मिठागरातल्या जिवाणूंवरून आठवलं. आमची आजी आगरवाड्याची. एप्रिल-मेच्या उन्हात मिठागराच्या वाफ्यातलं पाणी गुलाबी-तांबूस व्हायला लागलं की म्हणायची, “आता मीठ धरतलें.” आम्हाला वाटायचं देवाचं काहीतरी असेल. शाळेत विचारलं तर बाईंनी गप्प बसवलं. पुढे कळलं की अतिखारट पाण्यातच जगणारे सूक्ष्मजीव तो रंग घेऊन येतात, आणि रंगीत पाणी ऊन जास्त शोषतं म्हणून लवकर आटतं. आजीचं बरोबर होतं, कारण तेवढं माहीत नव्हतं.

सड्यावरचा_शंकासूर

मिठागर माझ्या चारांत बसतं हं! समुद्रही आहे, खाजनही आहे.

पेडण्याची_नात

आज बसतं, कारण कुणीतरी यादी न विचारता त्या पाण्यात बोट बुडवलं.

सड्यावरचा_शंकासूर

बरं. काणकोणच्या बाईंचं मान्य, ‘संशोधन नको’ हे वाक्य मागे घेतो. भाची रसायनशास्त्राला आहे, तिनं हा धागा वाचला तर घरी मला जेवण मिळायचं नाही. पण चारांचा आग्रह सोडत नाही. मोठं यंत्र, नवी पदं आधी त्या चारांना. बाकीच्यांनी मोजायला तिथं यावं. आणि दिवाबत्तीकाकांचं सगळ्यात आधी करा: कुठल्या कपाटात काय आहे त्याची एक यादी, सगळ्या विभागांना दिसेल अशी. त्याला ना अनुदान लागतं ना समिती.

हिशेबतपासनीस

समिती लागणारच. पैज.

दिवाबत्ती

पेडण्याच्या नातीला विचारायचं होतं. एप्रिलमध्ये त्या तांबड्या पाण्याची बाटली आणता येईल का? शेजारची नातवंडं सुट्टीत येतात, माझ्याकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे, चालतो अजून. बाटली काचेची बघा आणि बूच घट्ट लावा, नाहीतर वाटेतच मीठ चढतं.

पेडण्याची_नात

दोन आणते, काका. एक सांडली तर?