सासू-सासरे मेयोत, आम्ही सिडनीत: संपर्क आणि अडीअडचणीची सोय, सल्ला हवा

निळी_शाई:
नवरा आयरिश, मूळचा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतला. सासरे ८१, सासूबाई ७८. शेतातलं जुनं दगडी घर, दोघंच राहतात. नणंद डब्लिनला, म्हणजे गाडीने तीन तासांच्या वर. सासऱ्यांना ऐकू कमी येतं. टॅबलेट दिला आहे, पण तो सारखा बंद तरी असतो नाहीतर पासवर्ड मागत असतो. आता फायबर घ्यायचं चाललंय, म्हणजे जुनी लँडलाईन जाणार. विचारायचं असं: फोनची वेळ कशी बसवावी, टॅबलेटचं काय करावं, लँडलाईन सोडावी का, आणि रात्री कोणी पडलं तर आम्हाला कळणार कसं?

दक्षिणवारा:
वेळ त्यांच्या घड्याळाने पक्की करा, तुमच्या नाही. आयर्लंडचे सकाळचे १० धरा. एप्रिल ते सप्टेंबर तेव्हा सिडनीत संध्याकाळचे ७ असतात, नोव्हेंबर ते मार्च रात्रीचे ९. घोळ होतो तो मधल्या आठवड्यांत. आयर्लंडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, सिडनीची एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. त्या मधल्या काळात फरक १० तासांचा असतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइमझोन डब्लिनचा निवडलात की हा हिशेब आपोआप होतो.

तिकडच्या संध्याकाळी ६ आणि रात्री ९ ला आरटीईच्या (आयर्लंडची सरकारी वाहिनी) बातम्या असतात, तेव्हा फोन नको. रविवारी मासची (चर्चमधल्या प्रार्थनेची) वेळ विचारून घ्या. शनिवारी संध्याकाळच्या मासला जात असतील तर रविवार सकाळ मोकळी असते.

दुसरं, सासऱ्यांना वेगळा फोन करा. दोघांना एकदम केला की ते दोन वाक्यांत फोन सासूबाईंकडे देतात, तिकडच्या बऱ्याच वडील माणसांची तीच सवय. 'कसे आहात' विचारलं तर 'ग्रँड' (म्हणजे 'छान') एवढंच उत्तर मिळणार. त्यापेक्षा नेमकं विचारा: बाजाराला गाडी कोणी चालवली? सायलेज (गुरांसाठी मुरवून साठवलेला चारा) झालं का? मिडवेस्ट रेडिओ हे तिकडचं स्थानिक केंद्र इंटरनेटवर ऐकता येतो आणि त्यावर गावागावांतल्या निधनाच्या बातम्याही वाचतात. कोण गेलं हे तुम्हाला आधी ठाऊक असेल तर बोलणं पुढे सरकतं. मेयोच्या गेलिक फुटबॉलवर (आयर्लंडचा स्वतःचा खेळ) तर तासभर जातो. १९५१ नंतर ऑल-आयर्लंड ही देशभरची स्पर्धा जिंकलेली नाही, त्यामुळे तो विषय संपत नाही.

तारजोड:
टेलिकॉममध्ये आहे, त्यामुळे लाईन आणि टॅबलेटपुरतं.

जुन्या तांब्याच्या लाईनवर साधा, वायरचा फोन वीज गेली तरी चालतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजकडून मिळते. फायबरवर फोन राउटरमधून चालतो. भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर, दोन्हींना घरची वीज लागते. लाईट गेली की फोनही गेला. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात देशभरात साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, पश्चिमेकडे काही घरांत ती दोन आठवड्यांहून जास्त नव्हती. मोबाईलचे टॉवरही बॅटरी संपल्यावर बंद पडले. तेव्हा:

– डबा आणि राउटर दोन्हींसाठी छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर वीज देणारी बॅटरी) घ्या. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचूनच घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. फक्त राउटरला लावलात तर उपयोग शून्य. काही तास निघतात, काही दिवस नाही.
– जुना नंबर ठेवायचा असेल तर नव्या कंपनीला तो पोर्ट करायला सांगा आणि पोर्ट होईपर्यंत जुनी लाईन स्वतःहून बंद करू नका. आधी बंद केली की नंबर हातचा जाऊ शकतो.
– जाड दगडी भिंतींतून वायफाय नीट जात नाही. राउटर एका टोकाला आणि टॅबलेट स्वयंपाकघरात असेल तर मेश (घरभर वायफाय पोचवणारे जोडडबे) लागेल, शक्यतो मधली जोडणी केबलने.
– मोबाईलवर वायफाय कॉलिंग चालू करा. घरात सिग्नल एक दांडी असला तरी बोलता येतं.

टॅबलेट बंद पडण्याचं कारण चार्जिंग. डोळ्यांच्या उंचीच्या स्टँडवर, कायम चार्जरला जोडलेला ठेवा आणि सेटिंगमध्ये बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरेल असं करा, नाहीतर ती फुगू शकते. स्क्रीनलॉक काढा. 'व्यत्यय नको' हा पर्याय तपासा, तो चुकून चालू झाला की रिंग वाजतच नाही. तुमचा +६१ चा (ऑस्ट्रेलियाचा) नंबर फोटोसकट सेव्ह करा, परदेशी नंबर फसवणुकीच्या भीतीने उचलले जात नाहीत. दुरून स्क्रीन हाताळणारं अ‍ॅप घरी ठेवू नका, ठग लोक फोनवर नेमकं तेच उघडायला लावतात.

सासऱ्यांचं श्रवणयंत्र ब्लूटूथवालं असेल तर टॅबलेटला थेट जोडा. आवाज वाढवून तितका फायदा होत नाही.

गॉलवेची_माई:
पडण्याबद्दल. मी घरी जाऊन वृद्धांची देखभाल करण्याच्या क्षेत्रात आहे. 'सीनियर्स अलर्ट स्कीम'मध्ये ६५ वर्षांवरच्या, उत्पन्न मर्यादित असलेल्या व्यक्तीला गळ्यातलं किंवा मनगटावरचं बटण मोफत मिळतं, ते दाबलं की मदत केंद्राशी बोलणं जोडलं जातं. पहिल्या वर्षाचं मॉनिटरिंगही मोफत, पुढे वर्षाला फी. पोबल ही संस्था ती चालवते, अर्ज गावातल्या नोंदणीकृत सामाजिक संस्थेमार्फत जातो. फायबर येणार असेल तर सिमकार्डवालंच यंत्र मागा. फोनच्या जॅकला लावायचं जुनं यंत्र नव्या लाईनवर चालेलच असं नाही.

बटण कामी येत नाही ते बहुतेक एकाच कारणाने: ते रात्री काढून ठेवतात किंवा बाथरूमच्या खुंटीला असतं. पाणी लागलं तरी चालतं, अंघोळीतही घालूनच ठेवायचं. महिन्यातून एकदा दाबून केंद्राशी बोलून बघा. गोठ्यापर्यंत रेंज जात नाही, तिकडे खिशात मोबाईल हवाच. किल्ली असलेले दोन शेजारी नोंदवा, दहा मिनिटांत पोचू शकतील असे. नणंदेचं नाव पहिलं नको.

तिकडच्या खेड्यांत घरांना नंबर नसतात. सात अक्षर-अंकांचा एअरकोड (प्रत्येक घराचा वेगळा पिनकोड) फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. आणि सिडनीहून ११२ किंवा ९९९ फिरवून आयर्लंडची अँब्युलन्स मिळत नाही. जवळच्या गार्डा (पोलीस) स्टेशनचा, डॉक्टरचा आणि शेजाऱ्यांचा पूर्ण नंबर +३५३ लावून, पुढचं शून्य काढून, आत्ताच सेव्ह करा.

डॉक्टर परवानगीशिवाय मुलांशीही बोलणार नाहीत. दोघांनी सही केलेलं संमतीपत्र, नवऱ्याचं आणि नणंदेचं नाव घालून, दवाखान्यात देऊन ठेवा. घरातल्या मदतीसाठी पब्लिक हेल्थ नर्सला गाठा. एचएसईची (सरकारी आरोग्य सेवेची) होम सपोर्ट सेवा मोफत आहे, उत्पन्न बघत नाहीत, पण माणसं कमी असल्याने थांबावं लागतं. म्हणून गरज पडायच्या आधी नाव नोंदवा. सासरे गाडी चालवत असतील तर ७५ नंतर परवान्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तो नाकारला गेला तर लोकल लिंकच्या (खेड्यांतल्या बससेवेच्या) बसचं वेळापत्रक आधीपासून घरात असू द्या, फ्री ट्रॅव्हल पास त्यावर चालतो.

निळी_शाई:
फार उपयोगी. पैशांचे आणि सहीचे व्यवहार? आणि माझा पासपोर्ट भारतीयच आहे, अचानक जावं लागलं तर?

गॉलवेची_माई:
'एन्ड्युरिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' (समज गेली तर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे ते आधीच ठरवणारा कागद) आत्ताच करा. जवळचा नातेवाईक असलं म्हणून कायद्याने अधिकार मिळत नाही आणि समज गेल्यावर हा कागद करताच येत नाही. २६ एप्रिल २०२३ पासून नवा कायदा लागू आहे, नोंदणी 'डिसिजन सपोर्ट सर्व्हिस' या सरकारी कार्यालयाकडे होते. वकील आणि डॉक्टर दोघांचे कागद लागतात, म्हणून वेळ जातो. नर्सिंग होमची वेळ आली तर 'फेअर डील' या सरकारी मदत योजनेत तुमचा वाटा म्हणून उत्पन्नाच्या ८० टक्के आणि मालमत्तेच्या वर्षाला ७.५ टक्के धरतात, राहत्या घराचे फक्त तीन वर्षं. जमिनीचे नियम वेगळे, ते वकिलाकडून.

दक्षिणवारा:
ऑस्ट्रेलियाची पीआर असली आणि नवरा आयरिश असला तरी भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा व्हिसा लागतोच. मल्टी एन्ट्री मागून तो आधीच काढून ठेवा आणि संपायच्या आत पुढचा अर्ज करा. घाई यासाठी की तिकडे अंत्यविधी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो आणि सिडनीहून थेट विमान नाही, पूर्ण दिवस प्रवासातच जातो. ऑस्ट्रेलियाहून मुलगा निघालाय हे नणंदेने अंत्यविधी करणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगावं, आरआयपी डॉट आयई या निधनवार्तांच्या साइटवर वेळ जाहीर व्हायच्या आत. मग दिवस पुढे ढकलता येतो. गावच्या चर्चला वेबकॅम आहे का तेही विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी असतो.