अनुभव सांगा: प्रदर्शनातला स्टॉल आणि कामाला मिळालेली (आणि न मिळालेली) पोरं

कुपवाडचा टर्नर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीन), दोन म्हातारे लेथ, माणसं 11. पंपाचे शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हचे पार्ट करतो. काम आहे, मशीन आहे, पोरं नाहीत. आहेत ते बहुतेक पस्तिशीच्या पुढचे. विशीतलं पोरगं आलं की सहा महिने शिकतं आणि चाकण गाठतं. परत दिसतं ते थेट लग्नाची पत्रिका घेऊन.

मागं एका रोजगार मेळाव्यात टेबल लावलं होतं. फ्लेक्सवर मशीनचा फोटो, वर ठळक 'पाहिजेत'. संध्याकाळपर्यंत बायोडेटाचा हा गठ्ठा! छाती फुगली. सोमवारी फोन लावायला बसलो तर निम्म्यांनी उचललाच नाही. उचलला त्यांनी 'कुठली कंपनी?' विचारलं. सात जण येतो म्हणाले, तिघं आले, एक टिकला. तोही आमच्या फोरमनच्या मेहुण्याचा पोरगा निघाला, म्हणजे मेळाव्याशिवायही आलाच असता.

आता येत्या नोव्हेंबरात कराडच्या कृषी-औद्योगिक प्रदर्शनात 10 बाय 10 चा स्टॉल घ्यावा असं डोक्यात आहे. धंद्याची जाहिरात होईल, पोरंही बघतील. ज्यांनी असले उद्योग केलेत त्यांनी लिहा. जे अशा टेबलावरून कामाला लागले त्यांनीही लिहा. फसलेले अनुभव आधी.

उंब्रजकर

कराडला आम्ही पाच-सहा वर्षं जातोय. यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या, म्हणजे 25 नोव्हेंबरच्या आसपास भरतं. गर्दी बघून हुरळू नका. गर्दी जनावरांकडं आणि खाण्याकडं असते, आपल्या गाळ्यासमोरून ती नुसती वाहत जाते.

पहिल्या वर्षी आम्ही रंगवलेले चकचकीत पंप ओळीनं मांडले, लग्नात रुखवत मांडतात तसे. एक माणूस थांबला नाही. दुसऱ्या वर्षी भंगारातला एक मोनोब्लॉक पंप मधोमध उभा कापला, इंपेलर (आतलं फिरणारं चाक) लाल रंगवला, शाफ्ट पिवळा, आणि फिरवायला हँडल लावलं. मग काय विचारता! धोतरवाले आजोबासुद्धा वाकून 'पाणी नेमकं शिरतंय कुठनं?' म्हणून बोट घालून बघायला लागले. (पहिल्याच दिवशी एकाचं बोट चेपलं. रात्री जाळी ठोकली. तुम्ही आधीच ठोका.)

त्या हँडलपाशी मसूरकडचं एक पोरगं सलग तीन दिवस यायचं. तिसऱ्या दिवशी आमचा सेल्समन चहाला गेला आणि हे पठ्ठ्या लोकांना इंपेलर समजावून सांगतंय! काय चुकीचं सांगत होता तो भाग वेगळा. विचारलं, 'येतोस का कामाला?' आता आमच्याकडं असेंब्लीला आहे. गंमत म्हणजे त्या वर्षी 'पाहिजेत' असा बोर्ड आम्ही लावलाच नव्हता.

पण खरं सांगू? पाच-सहा वर्षांत स्टॉलवरून मिळालेलं हे एकच पोरगं. गिऱ्हाईक मात्र दर वर्षी मिळतं.

नाव नको

मी टेबलाच्या पलीकडचा. मेकॅनिकल डिप्लोमा. मेळाव्यात एका दिवसात 14 फॉर्म भरले. 'पगार किती?' म्हटलं की सगळीकडं एकच उत्तर, 'इंटरव्ह्यूला या, बोलू.'

एके ठिकाणी 'मशीन ऑपरेटर' म्हणून घेतलं. गेलो तर खोक्यांना पट्ट्या मारायचं काम. आपली हजेरी कंपनीच्या नाही, ठेकेदाराच्या नावावर आहे हे पगाराच्या दिवशी कळलं. पीएफ कापलेला, पण नंबर कुणी देईना. दीड महिन्यानं सोडलं. घरी म्हणाले, पोराला काम टिकवता येत नाही.

दादा, तुमच्या फ्लेक्सवर मशीनचा फोटो होता. हातात किती पडणार तो आकडा होता का? आणि फोन न उचलणारी पोरं माजलेली नसतात हो. 14 ठिकाणी नंबर दिल्यावर अनोळखी नंबर कुणाचा हे कळत नाही, त्यात अर्धे फोन कर्जवाल्यांचे.

कुपवाडचा टर्नर

आकडा नव्हता. शेजारच्या टेबलावरचा कारखानदार बघेल म्हणून लिहिला नाही. लिहिताना आता लाज वाटतेय.

निदेशक, टर्नर ट्रेड

शासकीय नोकरीत असल्यानं संस्था कुठली ते सांगत नाही. 17 वर्षं आयटीआयची पोरं बाहेर पडताना बघतोय.

कारखानदार मंडळी आमच्याकडं येतात ती परीक्षा संपल्यावर. तोपर्यंत चांगली पोरं मोठ्या कंपन्यांच्या बसमध्ये बसलेली असतात. टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर या. भाषण करू नका, तुमचा एक रिजेक्ट झालेला जॉब आणि त्याचं ड्रॉइंग आणा. पोरांना म्हणा, हा का नापास झाला शोधा. मागं एकानं असं केलं होतं. जॉब हातोहात फिरला, 20 मिनिटांनी मागच्या बाकावरच्या पोरानं सांगितलं, 'सर, बोअर बरोबर आहे पण सेंटरमध्ये नाही.' बरोबर होतं. त्या पोराला माझ्या विषयात जेमतेम पास मार्क होते.

दुसरं, अप्रेंटिस. 1961 चा कायदा आहे. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते 15 टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. म्हणजे 11 माणसांवर तुम्हीही घेऊ शकता. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार देतं. पोर्टलवर नोंदणीला एक दुपार जाते आणि डोकं थोडं दुखतं. बहुतेक जण तिथंच सोडून देतात.

इस्लामपूरची सीमा

आमचं फरसाण-चिवड्याचं युनिट. 2024 साली राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा तीन मुलं घेतली. बारावीवाल्याला महिन्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000, थेट सरकारकडून त्यांच्या खात्यात. आधी 6 महिने होतं, पुढं 11 केलं. आम्हाला वाटलं, चला, फुकट माणसं. मुलांनाही वाटलं, चला, फुकट पगार. दोघंही चुकलो. मुदत संपली त्या दिवशी दोघं गेली. तिसरी मुलगी राहिली, कारण मधल्या काळात तिला आम्ही सांगलीतल्या बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉलवर बसवलं होतं.

पहिल्या दिवशी ती टेबलाखाली पिशव्या लावत बसली होती, मान वर नाही. चौथ्या दिवशी एका बाईंनी 'महाग आहे गं' म्हटलं तर ही म्हणाली, 'काकू, तेल बघा, कागदाला लागतंय का.' आणि चिवडा कागदावर दाबून दाखवला. मी हे तिला शिकवलं नव्हतं. आज दुकानदारांशी भाव तीच बोलते. माझ्याशीही बोलते, पगाराचा.

भोंगेवाला

स्टॉल-बिल काय नको. रिक्षाला भोंगा लावा, आठवडी बाजारात फिरवा. खर्च कमी, आवाज लई.

उंब्रजकर

@भोंगेवाला, केलंय. 'कामगार पाहिजेत' ऐकून 'कर्ज मिळंल का' विचारायला लोक आले.

मिरजेचा तंतुवाद्यवाला

आमचा धंदा वेगळा, दुखणं तेच. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्या घरांपैकी आमचं एक. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. दीडशे वर्षांपूर्वी वाद्यांकडं वळले.

दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत संगीत सभा होते, तेव्हा बाहेरगावचे कानसेन येतात. त्या दिवसांत आम्ही दुकानाबाहेर बाकडं टाकून तंबोरा उघडा ठेवतो. एका बाजूला मंगळवेढ्याकडून आणलेला कोरा भोपळा, शेजारी कापलेला, शेजारी नक्षी अर्धी झालेला. पण माणूस थांबतो तो दोऱ्याला. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो ना, तो बघणाऱ्याच्या हातानं सरकवायला लावतो. तार आधी ठप्प वाजते. दोरा केसभर पुढं गेला की एकदम आवाज उमलतो, जवारी लागते. माणसाचा चेहरा बदलतो. ऑर्डर तिथंच निम्मी पक्की.

पोरांचं काय? 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. त्यानंतर चौकशा वाढल्या, फोटो काढणारे वाढले. शिकायला कोण? पोरगं दोरा सरकवतं, 'भारी!' म्हणतं, मग विचारतं, 'हे शिकायला किती दिवस?' मी म्हणतो, जवारीसाठी घोडीला कानस लावायचा हात बसायला वर्षं जातात. पोरगं मोबाइल बघायला लागतं. खोटं सांगून बोलवावं असं एकदा मनात आलं होतं. नाही सांगितलं. माझा स्वतःचा धाकटा मोबाइलच्याच दुकानात आहे, दुसऱ्याच्या पोराला काय म्हणू?

खानापूर घाटमाथा

तुम्ही स्टॉलचं बोलताय. आमच्या खानापूर-आटपाडीकडं सोन्या-चांदीच्या गलाईला (वितळवून शुद्ध करायच्या कामाला) पोरं कशी जातात बघा. केरळपासून पंजाबपर्यंत आमच्या लोकांची दुकानं. ना जाहिरात, ना मेळावा. चैत्रात गावच्या जत्रेला दुकानदार गाडी घेऊन येतो, पालखीला खांदा देतो, देवळाला देणगी देतो. गळ्यातली चेन हाच त्याचा स्टॉल. आई-बाप बघतात, पोरगं बघतं. जत्रा उठली की दोन-तीन पोरं त्याच्याबरोबर जातात.

मीपण असाच गेलो, बारावी नापास झाल्यावर, कोईमतूरला. फोडणीच्या वासाचं घर सोडून अ‍ॅसिडच्या वासाच्या खोलीत. पहिली दोन वर्षं जेवण-खोली मालकाची, पैसे वर्षाखेरीला बापाच्या हातात. पाच वर्षांनी परत आलो, छाती भरायची म्हणून. त्या कामाचं कौतुक करत नाही. पण मालक गावचा होता, आजारी पडलो तर त्याची बायको पेज करून द्यायची, आणि माझी आई त्याच्या आईला जाऊन भांडू शकत होती. तुमच्या टेबलावर आईनं कुणाला जाऊन भांडायचं?

पुसेगावचा

आमच्याकडं सेवागिरी महाराजांच्या यात्रेत ट्रॅक्टरवाले ओळीनं उभे असतात. एका डीलरनं एक वर्षी मेकॅनिक घेण्यासाठी भर यात्रेत इंजिन खोलून ठेवलं आणि जोडा म्हणाला. जोडणारे भरपूर मिळाले. एक वॉशर उरला. पुढचं विचारू नका.

निदेशक, टर्नर ट्रेड

@खानापूर घाटमाथा, तुमचं शेवटचं वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली, मग गप्प झाली.

आपल्याच भागात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा बरोबर वसाहतही वसवली. आसपासची शेतकऱ्यांची पोरं तिथंच राहिली, तिथंच शिकली. आज एमआयडीसीत प्लॉट मिळतो, राहायला खोली मिळत नाही.

कुपवाडचा टर्नर

वर्ष होत आलं, हिशेब द्यायचा राहिलाय.

कराडला गेलो. उंब्रजकरांचं ऐकून पोरांचा नाद तिथं सोडला, नुसता धंदा मांडला. कापलेला व्हॉल्व्ह, हँडल, जाळीसकट. दोन नवीन गिऱ्हाइकं मिळाली, एक अजून पैसे द्यायचाय. तसंही कराडचं पोरगं रोज कुपवाडला येणार नव्हतंच.

पोरांसाठी चैत्रात तासगाव तालुक्यात, माझ्या सासुरवाडीच्या जत्रेत टेबल टाकलं. पाळण्याच्या बाजूला, उसाच्या रसवाल्याशेजारी. वर मायक्रोमीटर ठेवला आणि पाटी लिहिली: 'आपला केस मोजून बघा.' मेव्हण्यानं आधी वेड्यात काढलं. संध्याकाळी रांग होती. कुणाचा 0.06 मिलिमीटर, कुणाचा 0.08. दोन जावांमध्ये कुणाचा केस जाड यावरून पैज लागली. एका पोरानं मोजला, पुसला, पुन्हा मोजला आणि विचारलं, 'दोनदा वेगळं का येतंय? मी जास्त आवळलं का?' त्याचा नंबर घेतला नाही, त्याला माझा दिला, आणि घरच्या कुणाला घेऊन येतोस विचारलं.

पाटीच्या खाली हातात पडणारा पगार लिहिला होता, शिफ्टची वेळ आणि पीएफ-ईएसआयसुद्धा. शेजारच्या कारखानदारानं बघितला असेल तर बघू दे.

दुसऱ्या दिवशी पोरगं आईला घेऊन आलं. पगार त्यांनी वाचला, त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. विचारलं ते असं: 'तासगावची गाडी माधवनगरला सोडते. पुढं कसं? आणि रात्रपाळी सुटल्यावर गाडी नसती, मग पोरगं झोपतं कुठं?' माझ्याकडं उत्तर नव्हतं. 22 वर्षं कारखाना चालवतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण माझी सगळी माणसं मोटारसायकलवाली. तिथंच बायकोला विचारून वरची खोली कबूल केली. बायको त्यांच्या लांबच्या नात्यातली निघाली. आता भांडायला माणूस आहे.

जूनमध्ये तिघं लागले, त्यात दोघं अप्रेंटिस म्हणून निदेशक सरांच्याच मार्गदर्शनाखाली नोंदवले (डोकं दुखलं). एक चाकणला गेला. एक व्हीएमसीवर बसलाय, उत्तम चाललंय. केस दोनदा मोजणारा ऑक्टोबरात फळछाटणीला घरी गेला. बापाची दोन एकर द्राक्षबाग आहे, मजूर मिळेनात. दिवाळीनंतर येतो म्हणालाय. जाताना लॉकरची किल्ली मागायची राहिली. बायको म्हणते, राहू दे त्याच्याकडंच.