मदत हवी आहे: लिप्ससारखा भाता अकॉर्डियनवर कसा जमवायचा?

मंडळी, कोणी रशियन वादक फ्रीडरिख लिप्स यांना ऐकलंय का? जन्म १९४८ चा, उरलकडचे, १९६९ ला जर्मनीतल्या क्लिंगेन्थालची अकॉर्डियन स्पर्धा जिंकली आणि मग मॉस्कोच्या ग्नेसिन संगीत संस्थेत वर्षानुवर्षं शिकवलं. ते बायान म्हणजे रशियन बटणांचं अकॉर्डियन वाजवतात, त्याला पियानोच्या पट्ट्या नसतात, दोन्ही बाजूंना बटणंच. संगीतकार सोफिया गुबायदुलिना यांनी १९७८ मध्ये त्यांच्यासाठी लिहिलेलं दे प्रोफुंडिस ऐकलं आणि मी पार हादरलो, त्यात मधेच सूर न लावता नुसता भाता ओढतात आणि वाद्य अक्षरशः श्वास घेतं, असं अकॉर्डियनवर होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं.

तर माझ्याकडे १२० बासचं पियानो अकॉर्डियन आहे, डावीकडे तयार कॉर्डची बटणं, त्यामुळे सुटे सूर जेमतेम एका सप्तकाचेच मिळतात. आपल्याकडे फ्री बासवालं, म्हणजे डावीकडेही कॉर्डऐवजी बऱ्याच सप्तकांचे सुटे सूर देणारं वाद्य कुठे हाताळायला मिळेल का, पुणे-मुंबईत? आणि भाता भरभर आत-बाहेर करून जो थरथरता सूर काढतात त्यात माझं डावं मनगट लगेच भरून येतं, जोर खांद्यातून लावायचा की कोपरातून? कोणी वाजवणारं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फार मनापासून शिकायचंय.